त्या लेकराचं पुन्ना लाव

पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी नाहीतर रविवारी जायचो तेव्हा काही घ्यायचं असं ठरवून कधीच गेलो नाही. नळाच्या तोट्या, सायकलच्या चेनी, बंद पडलेली घड्याळं, कुणाच्या तरी लग्नात आलेले स्टीलचे डबे ज्यांच्यावर देणाऱ्याचं नाव अजून कोरलेलं, अन् ह्या सगळ्यात एका चादरीवर उन्हात पडलेल्या रेकॉर्डी. २०१२ ची गोष्ट आहे. ढिगात हिंदी सिनेमाच्याच जास्त होत्या पण मधूनच एक काळंपांढरं कव्हर निघालं, रस्त्यावर उभा असलेला एक माणूस, अन् तोच माणूस त्याच फोटोत पुन्हा, अन् पुन्हा, एकट्यानंच स्वतःची टोळी करून कोपऱ्यावर थांबलाय असा. नाव होतं नुसतं ‘न्यूयॉर्क’. गायक लू रीड. तोवर मी त्याचं नाव ऐकलेलं नव्हतं. शंभर रुपयाला घेतली. माझ्याकडं प्लेअर नव्हता, ओळखीत कुणाकडं नव्हता, तरी घेतली, आणि का घेतली ते मला आज नीट सांगता येतं. त्या वर्षांत मी माझ्या शहराचं नाव सांगताना आवाज बारीक करायचो, आणि ह्या माणसानं स्वतःच्या शहराचं नाव कव्हरवर टाकलं होतं, त्याच्यापुढं काही जोडायची पण गरज वाटली नव्हती त्याला.

२००८ ला मी इंजिनिअरिंगला पुण्यात गेलो. होस्टेलचा पहिला रविवार, बादली घेऊन नळावर बसलो होतो, कुणीतरी विचारलं काय चाललंय, मी म्हटलं, “कपडे धुवायलो.” एवढंच. नळावरची सगळी पोरं हसली. वाईट नव्हती ती, पुढं त्यातलीच दोघं माझी जिवाभावाची झाली, पण त्या दिवसापासून माझं नाव ‘धुवायलो’ पडलं ते चार वर्षं तेच राहिलं. जायलो, खायलो, झोपायलो असं करून दाखवायचे. त्यांना तरी काय बोलणार, सिनेमात आमची बोली येते तीच मुळी हसवणाऱ्या माणसाच्या तोंडी, कुणी रडतंय, कुणी प्रेमात पडलंय, कुणी कोर्टात उभं राहून खरं बोलतंय अन् ते ‘करायलो’ म्हणतंय असं त्यांनी कधी ऐकलंच नव्हतं. मीही ऐकलं नव्हतं. दोन महिन्यांत मी ‘धुतोय’ शिकलो. ‘कामून’ सोडून ‘का’, ‘लेकरू’ सोडून ‘बाळ’. आईचा फोन आला की मात्र गच्चीवर पळायचो, कारण तिच्याशी ‘धुतोय’ बोलायला जीभ वळायची नाही, अन् खाली कुणी ऐकलं तर पुन्हा तेच.

प्लेअर नसल्यामुळं ती रेकॉर्ड सहा वर्षं ट्रंकेत पडून होती, न वाजवता. रूम बदलल्या, ट्रंक बदलली, ती कायम कपड्यांच्या मधे उभी ठेवायचो, आडवी ठेवली की व्हिनाईल वाकतं एवढं कुठंतरी वाचलं होतं.

२०१८ ला वडलांना अर्धांगाचा झटका आला अन् मी पुण्यातली नोकरी सोडून घरी आलो, शेंद्र्याच्या एमआयडीसीत काम धरलं. घर म्हणजे औरंगपुऱ्याच्या मागची गल्ली, तेव्हाचं औरंगाबाद, आताचं छत्रपती संभाजीनगर. घरी आल्यावर काही महिन्यांनी जालन्याच्या काकांच्या माळ्यावरून एचएमव्हीचा फिएस्टा प्लेअर खाली काढला. सत्तरच्या दशकात ज्यांच्याकडं थोडे पैसे आले त्यांच्या घरी हा फिएस्टा असायचाच, सुटकेससारखा, हातात धरून न्यायचा. काकांकडं होता तो लग्नात पोवाडे अन् कव्वाल्या लावायला घेतलेला. आता तो फिरायचा, पण फिरताना झोप लागल्यासारखा.

शहागंजात एक म्हातारे मेकॅनिक आहेत, रेडिओ, टेप, मिक्सर सगळं बघतात. मी न्यायच्या आधी घरीच ती रेकॉर्ड एकदा लावून बघितली होती, अन् आवाज आला तो जाड, ओढलेला, गाणं कमी अन् बोलणं जास्त. मला वाटलं स्पीड मंद आहे म्हणून असं होतंय. मेकॅनिक चाचांनी झाकण उघडून बोट फिरवलं, म्हणाले, “रबर सूक गया मियाँ, इसके वास्ते आवाज बैठरा.” रबराचं चाक बदललं, सुई बदलली, मिनिटाला ३३ अन् एक तृतीयांश फेरे बरोबर पडायला लागले, अन् आवाज हलका झाला, पण तो माणूस तरी बोलतच होता! म्हणजे तो मुळातच तसा गातो. दोन गिटार, बास, ड्रम, अन् वर एक माणूस आपल्या गल्लीतलं काहीतरी सांगतोय, ओळीच्या शेवटी जरा सूर लावतो, मधे सोडून देतो. नाक्यावरचा माणूस बोलतो तसं. त्याचं इंग्रजी पहिल्यांदा मला अर्धंच कळलं, शाळेतल्या इंग्रजीसारखं ते नव्हतंच, शब्द गिळलेले, अक्षरं खाल्लेली, ब्रुकलिनमधे जन्मलेल्या माणसाचं घरचं बोलणं. आणि कुणी हसत नव्हतं. मी त्या दुकानात स्टुलावर बसून एवढाच विचार करत होतो, हा असा बोलतोय अन् कुणी हसत नाहीये.

आता जरा रेकॉर्डबद्दल, कारण हे सगळं त्या तबकडीशी जोडलेलं आहे अन् मोबाईलवर ऐकून त्यातलं बरंचसं कळत नाही. आपल्याकडं आधी ज्या तबकड्या यायच्या त्या मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या, लाखेच्या, हो तीच लाख, झाडावर किडे करतात ती, अन् तिच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटंच मावायची. म्हणजे एक बाजू एक गाणं. मग २१ जून १९४८ ला अमेरिकेत कोलंबिया कंपनीनं एलपी आणली, व्हिनाईलची, बारीक खाचेची, एका बाजूला वीस-बावीस मिनिटं. ज्या साली आपला मराठवाडा निजामाच्या राज्यातून सुटला त्याच साली, तीन महिने आधी. अन् वीस मिनिटं मिळाल्यावर लोकांच्या डोक्यात आलं की सुटी सुटी गाणी भरण्यापेक्षा एकच गोष्ट सांगावी, एका गाण्याचा हात दुसऱ्या गाण्यानं धरावा. कॉन्सेप्ट अल्बम म्हणतात तो हाच. कीर्तनात कसं पूर्वरंगात मांडलेलं उत्तररंगात येतं, मधलं उठून गेलेल्या माणसाला शेवट कळत नाही, तसंच.

‘न्यूयॉर्क’ आली जानेवारी १९८९ मधे. चौदा गाणी, सात ह्या बाजूला सात त्या बाजूला. रीडनं सोबत स्वतःच लिहून ठेवलंय की ही ५८ मिनिटं एका बैठकीत ऐका, पुस्तक वाचता किंवा सिनेमा बघता तशी. पण तबकडी एकच, म्हणजे एका बाजूला सरासरी अठ्ठावीस-एकोणतीस मिनिटं कोंबलेली, अन् एवढं कोंबायचं तर खाचा एकमेकींना चिकटवाव्या लागतात, चिकटवायच्या तर आवाज बारीक कापावा लागतो, मोठा आवाज म्हणजे रुंद खाच. म्हणून ही रेकॉर्ड फिएस्टावर पार शेवटपर्यंत कान पिळून ऐकावी लागते. २०२० ला ती दोन तबकड्यांवर पसरून पुन्हा काढली, ती जास्त मोकळी वाजते म्हणतात ते खरंच असणार. पण मला ही चेपलेलीच आवडते. जुन्या शहरातली घरं अशीच आहेत, भिंतीला भिंत, एकाच्या घरातलं भांडण दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात. मी एकदा हिशोब केला, अठ्ठावीस मिनिटांत नऊशेच्या वर फेरे होतात, खाच सरळ केली तर सहाशे मीटरच्या आसपास भरते. पैठण गेटहून गुलमंडीकडं चालत निघालं तर जेवढं अंतर होईल तेवढं ती सुई एका बाजूत चालते. अन् चालताना मधलं काहीच टाळत नाही.

टाळण्यासारखं बरंच आहे त्यात. पहिल्या बाजूचं तिसरं गाणं एका पोराचं आहे, पेद्रो. एका हॉटेलात राहतो, खिडकीला काच नाही, भिंती पुठ्ठ्याच्या, पायाला वर्तमानपत्रं गुंडाळलेली. नऊ भावंडं. भीक मागायला दमला की बाप मारतो. त्या खोलीचं भाडं महिन्याला दोन हजार डॉलर, अन् रीड ते सांगून वर म्हणतो की खरं सांगतोय, आपण पण असंच म्हणतो ना, आईशप्पथ खरं. त्याच रात्री तिकडं ऑपेरा चालू आहे, सिनेनट लांबलचक गाड्यांतून उतरतायत, अन् बोगद्याच्या तोंडाशी एक लहान पोरगं एक डॉलरला प्लॅस्टिकचे गुलाब विकतंय. पेद्रोला कचऱ्याच्या डब्यात जादूचं पुस्तक सापडतं. तो चित्रं बघतो, छताकडं बघतो, अन् तीन म्हटलं की मी गायब होईन असं मनात धरतो.

त्याच्या आधीचं गाणं मिरवणुकीचं. ग्रीनिच व्हिलेज भागात हॅलोविनला सोंगं घेऊन लोक निघतात ती मिरवणूक. कोण कोण आलंय, कुणी काय वेश केलाय हे तो सांगत जातो अन् सांगता सांगता कळायला लागतं की मोजतोय तो न आलेले. ऐंशीच्या दशकात एड्सनं त्या गल्ल्या रिकाम्या केल्या होत्या. गाण्यात तो आजाराबद्दल भाषण देत नाही, फक्त नावं घेतो. दुसऱ्या बाजूला सॅम नावाचा सैनिक आहे, व्हिएतनामच्या जंगलातून परत आलेला, आता रस्त्यावर पाटी धरून उभा, पाटीवर लिहिलंय ह्या सैनिकाला घरी पाठवायला मदत करा. आणि तो घरीच आहे, त्याच्याच देशात, त्याच्याच रस्त्यावर. हे मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा उठून खिडकीशी गेलो होतो.

सगळीच गाणी मला पटत नाहीत. त्या वेळच्या पुढाऱ्यांना नावानिशी सुनावणारं एक आहे दुसऱ्या बाजूला, ते आज ऐकताना पेपरच्या रद्दीसारखं लागतं, राग खरा असला तरी. पण माणसांची गाणी जुनी झालेली नाहीत. शेवटचं गाणं त्याच्या गेलेल्या मित्राला वाहिलेलं, अँडी वॉरहॉलला, तो १९८७ मधे वारला होता, अन् रेकॉर्डिंग झालं ते पण न्यूयॉर्कमधेच, एका जुन्या चर्चच्या इमारतीतल्या स्टुडिओत. रीड स्वतः २०१३ ला गेला. म्हणजे मी रेकॉर्ड घेतली तेव्हा तो होता, ऐकली तेव्हा नव्हता.

एवढं सगळं मी एकटाच ऐकत होतो वर्षभर. मग आत्या आली.

आत्या पैठण तालुक्यातल्या आमच्या गावी राहते. मोतीबिंदूच्या ऑपरेशनला आली होती, डोळ्याला काळा चष्मा, पंधरा दिवस टीव्ही बंद, वाकायचं नाही, चुलीपुढं जायचं नाही. तिला बसून राहायची सवयच नाही, दोन दिवसांत कंटाळून गेली. तिसऱ्या रात्री मी फिएस्टा लावला, खरं तर माझ्यासाठीच, ती भिंतीला टेकून बसली होती, काळ्या चष्म्यामुळं झोपलीय का जागी ते कळत नव्हतं. पहिलं गाणं झालं. दुसरं झालं. मग म्हणाली,

“हा गायलाय का बोलायलाय?”

“दोन्ही, आत्या.”

“मंग हे कोन्तं सोंग घेतलंय त्यानं आत्ता?”

मी गप्पच झालो. आत्या गावात भारुडं म्हणते, नाथषष्ठीला पैठणला जाते, तिच्यासाठी माणूस असा अर्धा गाऊन अर्धा बोलून काही सांगायला लागला की त्यानं कुणाचं तरी सोंग घेतलेलंच असतं. तिला इंग्रजीचा एक शब्द येत नाही, अन् तिनं त्या रेकॉर्डची चावी बरोबर हातात धरली. कव्हरवर तोच माणूस पुन्हा पुन्हा उभा का आहे ते मला सात वर्षांत सुचलं नव्हतं. मी तिला पुढं गाणं चालू असताना सांगत गेलो, आता तो एका लेकराचं सांगायलाय. हो, ‘सांगायलाय’ म्हटलं मी, आत्याशी दुसरं काय बोलणार. खिडकीला काच नाही, भिंती पुठ्ठ्याच्या, बाप मारतो. तिनं मान हलवली, अन् गाणं संपायच्या आत तिचं तिनं हळूच सुरू केलं, मोडक्या घराचं, तुटक्या छपराचं, दादला नको म्हणणाऱ्या बाईचं नाथांचं भारुड. त्याचा अर्थ परमार्थाचा आहे, देह अन् संसार अन् काय काय, सगळ्यांना माहीत आहे. पण आत्या म्हणते तेव्हा ते खरोखर एका बाईचं गाऱ्हाणं असतं, जिच्या घरावर पत्रा नाही. मी व्हॉल्यूम खाली केला. पुठ्ठ्याच्या भिंती अन् तुटकं छप्पर एकाच खोलीत होते थोडा वेळ.

नंतर मी ह्याच्यावर फार विचार केला. एकनाथांचा काळ १५३३ ते १५९९. पैठण तेव्हा काही खेडं नव्हतं, सातवाहनांच्या राजधानीपासूनचं शहर, पंडितांचं, विणकरांचं, घाटावरच्या बाजाराचं. तिथं मोठं लिहायचं ते संस्कृतात. नाथांनी काय केलं तर त्या शहरात रस्त्यावर जे जे दिसतं त्याच्या तोंडून बोलले. जोशी, वासुदेव, गोंधळी, आंधळा, बहिरा, मुका, पांगळा, जोहार घालणारा महार, नवऱ्याला कंटाळलेली बाई, विंचू चावलेली बाई. हिंदू अन् तुर्क एकमेकांशी भांडतात ते पण, त्यातला तुर्क त्याच्या बोलीत बोलतो. प्रत्येकाला त्याची भाषा. मला कुणी विचारलं शहराच्या जीवनावरचा पहिला कॉन्सेप्ट अल्बम कोणता तर मी पैठणकडं बोट दाखवीन, आमच्या दारापासून पन्नास किलोमीटर. तबकडी नव्हती तर त्यांनी तो लोकांच्या गळ्यात कापून ठेवला, अन् आत्याच्या गळ्यात तो अजून वाजतो.

आणि ह्या शहराचं म्हणाल तर शहागंजातल्या चाचांची ती बोली, ‘आवाज बैठरा’वाली, तिच्यावर पण सिनेमात हसतातच. ती आली कुठून? १३२७ च्या सुमाराला मुहम्मद तुघलकानं राजधानी दिल्लीहून दौलताबादला आणली, आमच्या घराच्या गच्चीवरून तो किल्ला दिसतो हवा स्वच्छ असली की, माणसं आली, पुढं राजधानी परत गेली पण बरीच माणसं इथंच राहिली, त्यांची भाषा मराठी-तेलुगू-कन्नडच्या शेजारात मुरली अन् दख्खनी झाली. त्या भाषेत इथल्या वली नावाच्या शायरानं गझला लिहिल्या अन् १७०० मधे तो दिल्लीला गेला. दिल्लीचे शायर तेव्हा फारसीत लिहायचे, बोलायची भाषा वेगळी अन् कवितेची वेगळी. वलीचं ऐकून त्यांना कळलं की बाजारात बोलतो त्या भाषेत पण हे होतं, अन् पुढं दिल्लीत उर्दू शायरीची सगळी रीतच बदलली. इथल्या गल्लीतली बोली राजधानीत गेली, तिथल्या लोकांनी खाली बसून शिकून घेतली. हे मला होस्टेलच्या नळावर माहीत असतं तर! कुणाला ऐकवायला नाही, मला स्वतःला गच्चीवर पळावं लागलं नसतं म्हणून.

मी गाणारा नाही, गिटार येत नाही. पण ऑफिसच्या बसमधे बसलो की डोक्यात ती रेकॉर्ड तयार होत राहते, आमच्या शहराची. तिच्यात पहाटेचा वाळूजचा कामगार असणार, पहिल्या शिफ्टला निघालेला, डबा मांडीवर, मान खिडकीला, अन् तो झोपेत आपल्या परभणीकडच्या शेताचं बोलायलाय. घाटीच्या, म्हणजे सरकारी दवाखान्याच्या, बाहेर झाडाखाली तीन दगडांवर भात टाकून बसलेली बाई असणार जिचा माणूस आत वॉर्डात आहे, जी कुणी विचारलं तरच बोलते अन् विचारत कुणी नाही. हिमरूचा एक विणकर, ज्याच्या मागाचा आवाज आता त्याच्या घरात नाही, कानात आहे. दसरा झाला की बीडकडून ऊसतोडीला निघालेले ट्रक, वर संसार, संसारावर लेकरं, त्या लेकरांपैकी एकाच्या हातात जादूचं पुस्तक असेल का, मला ते फार वेळा वाटतं. तंदूरवर नान थापल्याचा आवाज. स्टेशनवर मराठवाडा एक्सप्रेसला लटकून अपडाऊन करणारे. आणि ह्यातलं कुणी पुण्या-मुंबईच्या भाषेत बोलणार नाही, आणि हसण्यासाठी तर नाहीच नाही. जो रडेल तो ‘रडायलो’ म्हणूनच रडेल.

आणि पाणी. पाण्याशिवाय ह्या शहराचा अल्बम होऊच शकत नाही. आमच्या गल्लीत नळ कधी सहा दिवसांनी येतो, कधी आठ, वेळ ठरलेली नाही, रात्री दोनला पण येतो. आधी पाइपातून हवा सुटल्याचा आवाज, खोकल्यासारखा, मग कुणीतरी एकच जण ओरडतं, मग दारं, बादल्या, मोटारी, एकापाठोपाठ एक सुरू होणाऱ्या मोटारींचा तो गुं आवाज, प्रत्येकीचा सूर वेगळा. जायकवाडीचं पाणी. म्हणजे गोदावरीचंच, पैठणहून आलेलं.

आत्याची जायची आदली रात्र होती. पट्टी निघाली होती, डोळा स्वच्छ झाला होता, तिला आता त्या तबकडीवरची खाच बघायची होती, अगदी जवळ जाऊन बघितली, म्हणाली एवढ्या बारीक रेघंत एवढं बोलणं कसं मावलं बाप्पा. मग म्हणाली, “त्या लेकराचं पुन्ना लाव.” मी सुई उचलून तिसऱ्या गाण्याच्या पट्ट्यावर ठेवली. ती ऐकत होती. ते तीन म्हणायचं आलं तेव्हा मी सांगितलं, आत्या, आता ते लेकरू तीन म्हणून गायब व्हायला बघायलंय.

“मंग? झालं का गायब?”

“ते नाही सांगितलं त्यानं.”

ती बराच वेळ काही बोलली नाही. “कुठं गेलं असंल,” एवढंच म्हणाली, गावातलं ओळखीचं पोरगं हरवल्यासारखं. मग मी तिला म्हटलं ते मोडक्या घराचं म्हण एकदा, मी मोबाईलवर घेतो. लाजली नाही, पदर सारखा केला अन् सुरू केलं. मागं रेकॉर्ड चालूच होती, आवाज खाली करून. दुसऱ्या कडव्यात असताना नळ खोकला, अन् खालून शेजारची काकू ओरडली, “पाणी आलं वंऽऽ!”

आत्या ओळ मधेच तोडून म्हणाली, “जाय, आधी पानी भर.”

“तू म्हण ना पूर्ण.”

“आरं नाथाच्या घरी देवानं बारा वर्सं कावडीनं भरलं, तुला एक रात भराया काय झालं. जाय.”

ते सगळं मोबाईलमधे आहे. चार मिनिटं अन् काही सेकंद. काकूचा आवाज आहे, आत्यानं मला हाकललेलं आहे, मोटारी आहेत, अन् पार खाली, कान लावला तर, तो न्यूयॉर्कचा माणूस पण बोलायलाय. मी त्यातलं काही कापलेलं नाही.

टाकी, दोन ड्रम, हंडे, पिंप, बाथरूममधल्या बादल्या सगळं भरून वर आलो तर तीन वाजत आले होते. आत्या तिथंच बसलेली, प्लेअरच्या पुढं, त्याला हात कसा लावायचा ते माहीत नसल्यामुळं तशीच राखण करत. बाजू कधीच संपली होती. सुई आतल्या रिकाम्या रिंगणात फिरायली होती, टक, टक, टक, अन् खाली गल्लीत अजून दोन मोटारी चालूच होत्या.